न्यार सेमेची मिठाची बशी

आमच्या तळ्याकाठच्या कागाया गावात लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव कुणी विचारत नाही. ती कुठल्या गावची लेक आहे तेवढं विचारतात आणि जन्मभर त्याच नावाने हाक मारतात. त्यामुळे सेमेहून आलेल्या माझ्या चुलतवहिनीला सगळा किनारा 'न्यार सेमे', म्हणजे सेमेची लेक, म्हणतो. तिचं चर्चमधलं नाव डॉर्सिला आहे हे मला तिच्या नवऱ्याच्या दफनाच्या वेळी पाद्र्याकडून कळलं, आणि क्षणभर मला वाटलं की पाद्री चुकीच्या घरी आलाय.

वहिनी मासळी वाळवते. अंधाऱ्या पक्षात होड्या रात्री दिवे घेऊन तळ्यात जातात आणि सकाळी ओमेना घेऊन येतात. ओमेना म्हणजे बोटाएवढी, चांदीच्या रंगाची मासळी. बायका ती टोपलीवर विकत घेतात, जुनी जाळी वाळूवर पसरून तिच्यावर वाळत घालतात आणि दिवसभर तिच्याकडे पाळण्यातल्या पोरासारखं लक्ष ठेवतात. कडक ऊन मिळालं तर संध्याकाळपर्यंत मासळी कुरकुरीत होते आणि किसुमू शहराच्या बाजाराला जाते. मधेच पाऊस आला तर तीच मासळी कोंबडीच्या खाद्याच्या भावाने जाते. पाऊस म्हणजे आमच्या बायकांना सासूसारखा. येणार हे नक्की असतं, कधी येणार ते कळवण्याची पद्धत नसते.

मी सायकली दुरुस्त करतो. माझं दुकान म्हणजे किनाऱ्यावरच्या उंबराची सावली, एक पाण्याचं घमेलं आणि जुन्या ट्यूबांचा ढीग. तिथून वहिनीचं अंगण समोरच दिसतं. त्या अंगणात जे काही घडलं ते मी पंक्चर काढता काढता पाहिलेलं आहे आणि त्यासाठी लागलेल्या ट्यूबा माझ्याच ढिगातून गेलेल्या आहेत.

सुरुवात शाळेच्या मोठ्या सुट्टीत झाली. वहिनीच्या घरी नातवंडं जमली होती, शेजारची जमली होती, आणि कुणाची कोण हे जेवायच्या वेळीच कळायचं. आदल्याच आठवड्यात रेडिओने स्वच्छ ऊन सांगितलं होतं आणि वहिनीची दोन जाळी भरून मासळी तासाभराच्या पावसात भिजली होती. अशा मनःस्थितीत पोरं तिला विचारत होती, "आजी, आता काय खेळू?"

"आभाळ खेळा," वहिनी म्हणाली. "या घरात एवढे डोळे रिकामे फिरतायत आणि मला पाऊस आल्यावर कळतो."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "भाऊजी, एक ट्यूब द्या. फाटकी चालेल."

"फाटकी कशाला? सायकल घेतलीत की काय?"

"डब्याला टोपी घालायचीय."

तिने दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यावर ट्यूबचा तुकडा ताणून बांधला, त्यावर केरसुणीची काडी चिकटवली आणि काडीमागे भिंतीवर कोळशाने रेघ ओढली. काडी वर गेली तर ऊन, खाली आली तर पाऊस, असं तिला किसुमूच्या रुग्णालयात शेजारच्या खाटेवरच्या कुणीतरी सांगितलं होतं. काडी रोज दुपारी वर जायची, रोज रात्री खाली यायची. पोरं खूश. मग एकदा ओबुराने, म्हणजे सगळ्यांत खादाड नातवाने, डबा चुलीशेजारी ठेवला, कारण डब्याच्या जागेवर त्याला बसायचं होतं. काडी आभाळाला टेकायला निघाली. बाहेर पाऊस धो धो पडत होता.

दुसरं कुणी असतं तर ओबुराच्या पाठीत धपाटा बसला असता. वहिनीने डब्याला हात लावून बघितला आणि ती म्हणाली, "हा डबा आभाळाचं सांगत नाही रे. स्वतःचंच सांगतोय. डबा तापला की काडी वर. अशी माणसं पण असतात." आणि तो डबा तिने सावलीत, माठाशेजारी नेऊन ठेवला. तिचं हे मला फार आवडायचं. वस्तू खोटी ठरली की ती रागावायची नाही, तिची जागा बदलून बघायची.

पाऊस मोजायला बाटली कापून पुरली. पहिल्याच पावसानंतर शेळीने त्यातलं पाणी पिऊन टाकलं, त्यामुळे त्या दिवशी कागायात शेळीच्या दोन घोटांएवढा पाऊस कमी पडला असं पोरांनी ठरवलं. बाटलीभोवती काटे लावण्यात आले. मासळीच्या लॉरीवाल्याकडून बर्फाचा खडा मागून आणला, काचेच्या बरणीत गरम पाणी घातलं, विझत्या काडीचा धूर आत सोडला, वर ताटलीत बर्फ ठेवला आणि बरणीत ढग झाला. मी हातातलं टायर टाकून तो बघायला गेलो होतो. ताटलीखाली थेंब जमले आणि एक टपकन खाली पडला तेव्हा वहिनीच टाळी वाजवून हसली, पोरं तिच्याकडे बघत राहिली.

वाऱ्यासाठी दोन परातींचा खेळ. एकीत वाळू, एकीत पाणी, दोन्ही उन्हात. थोड्या वेळाने हात घालायचा. वाळू चटका देते, पाणी देत नाही. "मग तापलेली हवा कुठली वर जाईल?" वाळूवरची. "आणि तिची जागा भरायला कोण येईल?" पाण्यावरची. "म्हणून दुपारी वारा तळ्याकडून येतो. मला लग्नाला एवढी वर्षं झाली, रोज दुपारी त्या वाऱ्याने माझा पदर उडतो, पण का ते मला आज तुमच्याबरोबर कळलं." काठीवर एक लाल फडकं बांधलं होतं, ते दुपारी डोंगराकडे उडायचं. ते उलटं फिरलं, म्हणजे नांदीच्या डोंगराकडून वारा आला, तर जागं व्हायचं, पाऊस बहुतेक त्याच बाजूने येतो.

आणि मिठाची बशी. चुलीवर कोरडं करून घेतलेलं मीठ बशीत पसरून ओट्यावर ठेवायचं. हवा ओली झाली की मीठ बोटाला चिकटतं. सगळ्यांत साधं यंत्र, आणि ओबुरा चाटायचा म्हणून सगळ्यांत जास्त राखण लागणारं.

या सगळ्यात तरबेज होती आकोथ. वहिनीच्या मोठ्या लेकाची मुलगी, नऊ वर्षांची, लांब मानेची. ती पावसात जन्मली म्हणून आमच्या रिवाजाने तिचं नाव आकोथ, आणि त्या नावामुळे गावात कधीही पाऊस आला की लोक तिलाच बोल लावायचे. "आकोथ, तुझ्या नातेवाइकांना आवर." तिला ते आवडायचं. ती सतत आभाळाकडे बघत चालायची आणि माझ्या सायकलींवर आदळायची.

तिचे दोन-तीन अंदाज खरे ठरल्यावर किनाऱ्यावरच्या बायका तिच्याकडे लक्ष देऊ लागल्या. शेवटी किनाऱ्याचे चेअरमन रागोत यांनी परवानगी दिली. वजनाच्या शेडसमोर झाडाला लॉरीच्या चाकाची जुनी रिंग टांगलेली असते, होड्या आल्या की ती बोल्टने वाजवतात. पाऊस दिसला तर ती आकोथने वाजवावी असं ठरलं. रागोत भारदस्त माणूस. परवानगी देताना त्यांनी एवढं मोठं भाषण केलं की मधेच पाऊस आला असता तर कुणाला वाजवायला सुचलं नसतं.

मग ती दुपार आली. कडक ऊन, किनारा चांदीने मढवल्यासारखा, सगळ्यांची मासळी अर्धी वाळलेली. आकोथला तळ्यावर दूर एक काळा पडदा दिसला. पाण्यापासून सरळ वर गेलेला, हलणारा, इकडे येणारा. तिने धावत जाऊन रिंग बडवली.

बायका वाळवणावर तुटून पडल्या. जाळी गुंडाळली, मासळीचे ढीग केले, वर ताडपत्र्या ओढल्या. अंग भिजू नये म्हणून सगळ्या शेडमध्ये उभ्या. पडदा आला. तो पाऊस नव्हता, चिलटं होती. तळ्यातून अशी वर्षातून काही वेळा उठतात, कोट्यवधी, धुरासारखी. दोन-चार कोसांवरून बघाल तर पावसाच्या सरीत आणि त्यांच्यात मलाही फरक सांगता येणार नाही. ती नाकात गेली, कानात गेली, भाषण करायला तोंड उघडलेल्या रागोतांच्या तोंडात गेली. ती निघून जाईपर्यंत ताडपत्रीखालची ओली मासळी उन्हाने शिजली होती आणि उघडी राहिलेली चिलटांनी माखली होती.

"पाऊस नाही तर नाही, जेवण तरी आलं," रिस्पा म्हणाली. रिस्पा वहिनीच्या शेजारी वाळवण घालते आणि किनाऱ्यावर सगळ्यांत तिखट जीभ तिची. "चिलटांच्या आईला विचारा, तळायची की उकडायची."

लोक हसले. मीही हसलो, कारण माझ्याकडे वाळवण नव्हतं. रागोत थुंकून थुंकून दमले आणि त्यांनी रिंग झाडावरून काढून शेडमध्ये कुलपात ठेवली. होड्या आल्या की त्यांचा माणूस बाहेर काढून वाजवेल म्हणाले. "पोरांचा खेळ घरात बरा. इथे लोकांची पोटं आहेत."

यात त्यांचंही चुकलं नव्हतं.

त्या दिवसापासून आकोथ खाली बघून चालायला लागली. 'चिलटांची आई' हे नाव चिकटलं. ती माझ्या सायकलींवर आदळेनाशी झाली, आणि मला ते बघवेना. अंगणात इतर पोरं बाटली बघायची, फडकं बघायची, ती घरात कांदे सोलत बसायची. कांदे सोलायला कुणी सांगितलेलं नसायचं.

मी वहिनीला म्हटलं, "रागोतांशी बोलू का? रिंग परत मागू."

"रिंग राहू दे त्यांच्याकडे," ती म्हणाली. "लोखंड आहे, कुजत नाही. मला पोरीची मान वर आलेली पाहिजे, भाऊजी. या वयात खाली गेलेली मान तशीच राहते. मी पाहिल्यात तशा बाया."

तिने आकोथची समजूत घातली नाही. मी म्हणणार होतो, जवळ घ्या, दोन शब्द सांगा. तिने वेगळंच केलं. सुपात मेलेली चिलटं भरून आणली आणि अंगणात पोरांना बसवून, जरा जास्तच मोठ्या आवाजात, शाळा सुरू केली. चिलटांचा ढग आणि पावसाचा ढग ओळखायचा कसा? हा प्रश्न तिला स्वतःलाही पडलेला होता. मग पोरांनीच शोधलं. चुलीचा धूर पाहा, खाली दाट, वर विरलेला, फाटलेला. चिलटांचा पडदाही तसाच. पाण्यातून उगवतो आणि वर हवेतच संपतो. पाऊस वरच्या ढगाला जोडलेला असतो. शिवाय पावसाच्या पुढे गार वारा धावत येतो. हाताची मागची बाजू ओली करून धरली की तो आधी कळतो. चिलटांपुढे गार वारा नसतो. आणि मीठ काय म्हणतं ते विचारायचं. "एकट्या डोळ्यावर रिंग वाजवायची नाही," वहिनी म्हणाली. "माझीच चूक झाली. मी पोरीला एकच साक्षीदार दिला होता."

घरात कांद्यावरची सुरी थांबल्याचं मला उंबराखालून दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीचे डोळे अचानक म्हातारे झाले. सकाळी ओट्यावर उभी राहून ती फडक्याकडे पाठ करून म्हणायची, "आज वारा डोंगराकडून दिसतोय."

आत कांदे सोलणं चालूच.

"चांगलाच डोंगराकडून. ओबुरा, मासळी घालू नका म्हणावं."

"तळ्याकडून आहे, आजी," आतून आवाज आला.

"असं? मला तर डोंगराकडून दिसतंय."

"तू फडक्याकडे बघितलंच नाहीस."

"मान दुखते गं माझी. वर होत नाही."

असं रोज चाललं. बाटलीत दोन बोटं पाणी असलं की वहिनी पाच सांगायची. मीठ कोरडं असलं की ओलंचिंब म्हणायची. एवढं धडधडीत खोटं बोलणारी बाई दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते, हे मला मजेचं वाटायचं. पोरीला चुकीचं सहन व्हायचं नाही. आधी ती आतून बोलायची, मग दारातून, मग ओट्यावरून. पण किनाऱ्यावर यायची नाही, आणि आभाळाकडे बघितलं तरी चोरून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून.

मग एका दुपारी ती आली. ऊन होतं. नांदीच्या बाजूला ढग होते, पण ते तिथे बहुतेक दुपारी असतातच, त्यांना कुणी विचारत नाही. सगळ्यांची वाळवणं पसरलेली. आकोथ वाळूत वहिनीसमोर येऊन उभी राहिली, एक हात ओला, त्याची मागची बाजू वर करून धरलेला.

"आजी, मासळी उचल."

रिस्पाने ऐकलं. "या, चिलटांची आई आली. आज काय आहे गं? डास?"

आसपासच्या बायका हसल्या. शेडच्या दारातून रागोत म्हणाले, "रिंग माझ्याकडे आहे बरं का. आज रिंगऐवजी नातच वाजवा."

वहिनीने पोरीकडे पाहिलं. "काय काय बघितलंस?"

"मीठ चिकट झालंय. फडकं उलटं फिरलंय. हाताला गार लागतंय." तिचा आवाज अगदी बारीक होता. "आणि वर ढगाला जोडलेलं आहे. पण इथेच येईल हे मला माहीत नाही."

"बरं," वहिनी म्हणाली आणि वाकून जाळ्याचं एक टोक उचललं. "भाऊजी, इकडे या. ते टोक धरा."

मी गेलो. हळूच म्हणालो, "वहिनी, ऊन आहे."

"मला दिसतंय."

"तुम्हाला वाटतंय पाऊस येईल?"

ती माझ्या कानाशी आली. "नाही वाटत."

"मग?"

"मी मीठ बघितलेलं नाही. तिने बघितलंय. मग माझ्या वाटण्याला काय किंमत? धरा टोक."

सगळ्या किनाऱ्यादेखत, लख्ख उन्हात, तिने दिवसभराची मासळी गुंडाळली. बाकी कुणीच आपली गुंडाळली नाही. रिस्पा हातातलं काम सोडून बघत होती. रागोत मान हलवत होते. आकोथ ओला हात तसाच धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना की तिला पाऊस यायला हवाय की जमिनीने गिळायला.

वारा आला. गार, सोसाट्याचा, ताडपत्र्या फडफडवणारा. दोघी-तिघी उठल्या. नांदीकडून ढग डोक्यावर आला, किनारा काळा झाला. आणि ढग तसाच पुढे गेला. इथे एक थेंब पडला नाही. अर्ध्या तासात पुन्हा ऊन, आणि सगळ्यांची मासळी कुरकुरीत. वहिनीची ताडपत्रीखाली मऊ पडली. पुन्हा पसरेपर्यंत तिचा दिवस गेला होता. ती मासळी कोंबडीच्या खाद्याला गेली.

आकोथ रडायला लागणार एवढ्यात वहिनीने विचारलं, "तो गेला कुठे?"

पोरगी पायाने वाळू उकरत राहिली.

"मी विचारतेय, पाऊस गेला कुठे? तू सांगितलंस आहे म्हणून. माझी मासळी गेलीय, मला कळायला नको?"

आकोथने मान वर केली. नाक पुसत तिने तळ्यापलीकडे मितुंदूच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे पाण्यावर राखाडी पडदा उतरला होता. वरून खालपर्यंत, ढगाला घट्ट जोडलेला. त्या टोकावरही आपल्यासारखाच किनारा आहे, तिथेही बायका वाळवण घालतात.

"तिकडे पडतोय," ती म्हणाली. "आपल्यावरून गेला. वारा जोराचा होता ना, आजी, तो ढकलत घेऊन गेला. फडकं किती जोरात उडतंय तेही बघायला पाहिजे होतं. नुसतं कुठे उडतंय ते नाही." आणि मग ती बोलतच सुटली, जड फडकं, हलकं फडकं, दोन्ही बांधायची, आणि वहिनी "हं, हं" करत वास येणारी मासळी पोत्यात भरत होती. एवढ्या आनंदाने नुकसान भरताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

संध्याकाळी मितुंदूहून एक होडी आली. तिकडच्या बायकांचं सगळं वाळवण भिजून गेलं होतं. होडीवाला म्हणाला, "कुणाला कळलंच नाही, एकदम आला." हे ऐकताना रिस्पा शेडला टेकून उभी होती. ती काही बोलली नाही, आणि रिस्पाने न बोलणं ही आमच्याकडे बातमीच असते.

दुसऱ्या दिवशी होड्या लागायच्या आधीच ती वहिनीच्या अंगणात आली.

"न्यार सेमे, चिमूटभर मीठ आहे का गं? घरात संपलंय."

"बशीत आहे, घे."

तिने बशीतून चिमूट घेतली, बोटांत चोळली, पुन्हा चोळली आणि गेली. तिच्यामागून दुसरी एक वाळवणवाली, सायप्रोझ, आली. तिचंही मीठ संपलं होतं. मग तिची जाऊ. मग अशा दोन बायका, ज्यांच्या दारात मिठाचं पोतं मी स्वतः सायकलवरून पोहोचवलंय. प्रत्येकीने चिमूट घेतली, चोळली, आभाळाकडे न बघितल्यासारखं बघितलं आणि आकोथला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज काय म्हणतंय गं?"

आकोथ ओट्यावर दोन फडकी बांधत होती. मान वर, तोंड उघडं, पूर्वीसारखी.

शेवटी रागोत आले. खांद्यावर रिंग. "शेडमध्ये अडगळ होतेय," ते म्हणाले. "इथे असलेली बरी. होड्यांच्या वेळी माझा माणूस येऊन वाजवून जाईल." वहिनीने त्यांना स्टूल दिलं. ते बसले, घसा खाकरला आणि विचारलं, "बरं, माझ्या बायकोने आज वाळवण घालावं की नाही?"

"अजून सांगता येणार नाही," आकोथ म्हणाली. "मीठ बघायचं राहिलंय."

"मग बघ की."

"बशी रिकामी झालीय. सगळ्यांनी नेलं." तिने त्यांच्याकडे न बघता गाठ घट्ट केली. "तुमच्या घरून आणा थोडं. आणि येताना चुलीवर कोरडं करून आणा."

रागोतांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीची मान अचानक पुन्हा दुखायला लागली होती, ती खाली बघून तांदूळ निवडत होती. रागोतांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्यूबमध्ये हवा भरत होतो. मग तो भारदस्त माणूस स्टुलावरून उठला आणि मीठ आणायला घरी गेला.